औषधाची वाट अडवणारा रोग : घरगुती संगणक, व्हायरस आणि बंद पडलेले ‘अपडेट’

सोलापुरात खंडेनवमीला मागांची पूजा होते. चादरी आणि टॉवेल विणणारे कारखाने त्या दिवशी धुऊन-पुसून घेतात, मागांना झेंडूच्या माळा पडतात, नारळ फुटतो. माग नसलेल्या घरांत शिवणयंत्र, स्कूटर, सुताराची हत्यारे यांना हळदकुंकू लागते. 1990 नंतर या पंगतीत संगणक येऊन बसला. मॉनिटरला माळ, कळफलकावर दोन फुले आणि पेटीच्या पुढच्या बाजूला कुंकवाचे बोट. (सीडीच्या फटीत अक्षता गेल्याने बंद पडलेले ड्राइव्ह मी स्वतः पाहिले आहेत.) पूजा होणारे हे यंत्र त्या वेळी पुष्कळदा आजारी असे आणि घरात कुणालाही ते माहीत नसे.

संगणकाचा इतिहास लिहिणारे बहुधा कंपन्यांचा आणि शोधांचा इतिहास लिहितात. घरातल्या टेबलावरच्या संगणकाचे पुढे काय झाले, तो का बिघडला, कुणी दुरुस्त केला, दुरुस्तीत काय गेले, हे कुणी लिहून ठेवत नाही. त्याचे एक कारण साधे आहे. जुने घर पडले तरी जोते राहते. फॉरमॅट केलेल्या हार्ड डिस्कवर तेवढेही राहत नाही. म्हणून या लेखात मी एकाच व्याधीचा माग काढला आहे. व्हायरस गेल्यावरही, किंवा व्हायरस असताना, संगणकाचे ‘अपडेट’ बंद पडणे ही ती व्याधी. वरवर ती किरकोळ तांत्रिक अडचण वाटते. पण सुमारे पंधरा वर्षे आपल्याकडच्या घराघरांतून जे कागद, फोटो आणि हस्तलिखिते नाहीशी झाली, त्यातल्या बऱ्याच नुकसानीची सुरुवात इथून झालेली आहे. साधने म्हणून सुरक्षा क्षेत्रातल्या कंपन्यांनी वेळोवेळी प्रसिद्ध केलेली विश्लेषणे, माझ्याकडची जुनी बिले व सीडी, आणि स्मरण एवढीच आहेत.

जोशी आणि काटकर

सुरुवातीचे व्हायरस औषधाची वाट अडवत नव्हते, कारण अडवायला वाटच नव्हती. 1986 च्या जानेवारीत लाहोरच्या बासित आणि अमजद फारुख अल्वी या भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ फ्लॉपीच्या पहिल्या कप्प्यात बसे आणि त्यात भावांच्या दुकानाचा पत्ता व फोन नंबरही असे. चोराने आपले कार्ड ठेवून जावे तसा तो प्रकार. भारतात 1990 च्या जूनमध्ये सापडलेल्या एका व्हायरसचे नाव तर आपल्याला अगदी घरचे वाटावे असे आहे : ‘जोशी’. दर वर्षी 5 जानेवारीला तो संगणक अडवून धरी आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टाइप केल्याशिवाय पुढे जाऊ देत नसे. शुभेच्छा दिल्या की यंत्र सुरू. त्याचा एक गुण मात्र पुढच्या काळाची चाहूल देणारा होता. नेहमीच्या तीन कळा दाबून संगणक पुन्हा सुरू केला तरी तो स्मृतीतून जात नसे. वीजच बंद करावी लागे आणि स्वच्छ फ्लॉपीवरून सुरुवात करावी लागे. रोग्याच्या अंगात असताना रोगच डॉक्टरच्या डोळ्यांवर पट्टी बांधतो, ही कल्पना तिथे बीजरूपात आहे.

त्या काळात औषध म्हणजे फ्लॉपी. ती कुणीतरी हातात घेऊन यायची. पुण्यात कैलास काटकर हे दहावीनंतर कॅल्क्युलेटर आणि रेडिओ दुरुस्तीच्या कामात पडलेले, मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे गृहस्थ संगणक दुरुस्तीकडे वळले. दुकानात येणाऱ्या यंत्रांपैकी बरीच व्हायरसने बिघडलेली असत. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते, त्यांनी आधी ‘मायकेलअँजेलो’सारख्या एकेका व्हायरससाठी वेगवेगळी साधने लिहिली आणि 1990 च्या दशकाच्या मध्यात त्यातून ‘क्विक हील’ तयार झाले. ही हकिकत उद्योजकांच्या यशोगाथांत नेहमी येते. मला तिच्यातले दुसरेच काही महत्त्वाचे वाटते. आपल्याकडचे हे औषध प्रयोगशाळेत तयार झाले नाही, दुरुस्तीच्या टेबलावर झाले. गिऱ्हाईक समोर बसलेले आहे आणि त्याला संध्याकाळपर्यंत यंत्र परत हवे आहे, या घाईतून ते आले. त्या घाईचे गुण आणि दोष दोन्ही आपल्या पुढच्या सगळ्या दुरुस्ती-संस्कृतीत उतरले.

अपडेट येते आणि अडते

विंडोज 98 बरोबर मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज अपडेट’ ही सोय आणली. पुढे 2001 च्या ऑक्टोबरात विंडोज एक्सपी बाजारात आले, आणि प्रणालीत राहून गेलेली भोके कंपनीने इंटरनेटवरून बुजवायची ही पद्धत रूढ होऊ लागली. इंग्रजीत अशा दुरुस्तीला ‘पॅच’ म्हणतात. आपला शब्द ठिगळ. हा शब्द वाईट नाही. ठिगळ वेळेवर लावले तर कापड वर्षभर चालते, हे सोलापूरकराला सांगायला नको.

ठिगळ आणि भोक यांच्यातली शर्यत सामान्य माणसाला पहिल्यांदा दिसली ती 2003 च्या ऑगस्टात. मायक्रोसॉफ्टने 16 जुलै रोजी एक दुरुस्ती प्रसिद्ध केली होती. 11 ऑगस्टला तेच भोक वापरणारा ‘ब्लास्टर’ पसरू लागला. संगणक साठ सेकंदांची उलटी मोजणी दाखवून आपोआप बंद होई, पुन्हा सुरू होई, पुन्हा बंद होई. जाता जाता एक शब्दगंमत नोंदवतो. स्वतःहून पसरणाऱ्या अशा कार्यक्रमाला इंग्रजीत ‘वर्म’ म्हणजे कृमी म्हणतात. मराठीत वर्म म्हणजे मर्मस्थान, दुखरी जागा. ब्लास्टरला दोन्ही अर्थ लागू पडतात, कारण त्याने बोट ठेवले ते औषधाच्या दुकानावरच. 16 ऑगस्टपासून सगळ्या बाधित संगणकांनी एकदम विंडोज अपडेटच्या पत्त्यावर धडक मारायची, अशी आज्ञा त्यात लिहिलेली होती. लिहिणाऱ्याने नेमका मुख्य पत्ता न घेता त्याकडे वळवणारा आडपत्ता घेतला, मायक्रोसॉफ्टने तो आडपत्ताच बंद करून टाकला आणि हल्ला फसला. पण युक्ती जगाला कळली होती : माणसे औषधाला जिथे जातात ती जागा बंद पाडावी.

त्याच आठवड्यात ‘वेल्चिया’ नावाचा एक परोपकारी वर्मही सुटला. तो ब्लास्टरला हुसकावून लावी आणि मायक्रोसॉफ्टकडून ठिगळ आणून न विचारता लावी. न विचारता केलेल्या उपकाराने जाळी तुंबली ती वेगळीच. मायक्रोसॉफ्टने 2003 च्या ऑक्टोबरपासून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ठरवून दुरुस्त्या द्यायला सुरुवात केली आणि 2004 च्या ऑगस्टात एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक काढला. त्यात फायरवॉल आपोआप चालू राहील अशी व्यवस्था होती.

या सर्व्हिस पॅकचा पूर्ण आकार सुमारे 266 एमबी. फोनच्या तारेवरून मोडेमने जोडणाऱ्या माणसाला सेकंदाला चार-साडेचार केबी मिळत. हिशेब केला तर सलग सतरा ते एकोणीस तास होतात. तेवढा वेळ फोन अडकलेला, वर कॉलचा आकार, आणि मध्ये एकदा वीज गेली की बहुधा सगळे पहिल्यापासून. महाराष्ट्रात ती भारनियमनाची वर्षे होती. यूपीएस दहा-पंधरा मिनिटे तग धरी. मी 2004 ते 2006 या काळात इंटरनेटवरून एकही सर्व्हिस पॅक पूर्ण उतरवू शकलो नाही. तो लावला तो एका संगणक मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून. 2005 मध्ये बीएसएनएलचे ब्रॉडबँड आले तेव्हा 256 केबीपीएस हा वेग आम्हाला पूर आल्यासारखा वाटला. महिन्याचा डेटा मोजून मिळे. ज्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठपर्यंत मोजदाद नसे, त्यासाठी लोक गजर लावून उठत.

पण वेग आणि वीज ही अर्धीच कारणे. उरलेले कारण सांगताना आपल्याला अवघडल्यासारखे होते. आपल्या शहरांतले बहुसंख्य घरगुती संगणक ‘असेंबल्ड’ होते आणि त्यांच्यावरचे विंडोज विकत घेतलेले नव्हते. दुकानात एक तयार प्रत असे. तीच प्रत ‘घोस्ट’ नावाच्या साधनाने प्रत्येक नव्या यंत्रावर उतरवायची, याला ‘घोस्ट मारणे’ म्हणत. वीस मिनिटांत विंडोज, ऑफिस, गाणी वाजवणारे, मराठी टाइप करणारे सगळे हजर. त्या मूळ प्रतीत अपडेट आधीच बंद करून ठेवलेले असे. 2005 च्या जुलैपासून मायक्रोसॉफ्टने डाउनलोडसाठी अस्सलपणाची तपासणी सक्तीची केली, आणि 2008 च्या उत्तरार्धात एक्सपी प्रोफेशनलच्या नकली प्रतींवर पडद्याची पार्श्वभूमी दर तासाला काळी होईल अशी व्यवस्था आली. सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र नकली प्रतींनाही आपोआप मिळत राहतील, असे कंपनीचे धोरण होते. हे दुसरे वाक्य सोलापूरपर्यंत पोहोचले नाही. पोहोचले ते एवढेच : “सर, अपडेट चालू करू नका बरं का. स्क्रीन काळी होतीय.”

म्हणजे वर्मने आमचे अपडेट बंद केले, हे पूर्ण खरे नाही. दार आम्हीच लावून घेतले होते. वर्मने फक्त बाहेरून कडी घातली.

वसुबारसेच्या आधी आलेले ठिगळ

2008 साली लक्ष्मीपूजन 28 ऑक्टोबरला होते. त्याच्या पाच दिवस आधी, 23 ऑक्टोबरच्या गुरुवारी, मायक्रोसॉफ्टने ठरलेला मंगळवार मोडून एक दुरुस्ती तातडीने प्रसिद्ध केली. संगणकांनी एकमेकांशी फाइली आणि प्रिंटर वाटून घेण्याच्या सेवेत हे भोक होते. महिन्याभरात, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, त्यातून ‘कॉनफिकर’ शिरू लागला. फिनलंडच्या एफ-सिक्युअर कंपनीने जानेवारी 2009 मध्ये बाधित यंत्रांचा अंदाज जवळपास 90 लाख इतका दिला. फ्रान्सच्या नौदलापासून ब्रिटनच्या संरक्षण खात्यापर्यंत तो पोहोचला होता. फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने त्याच्या कर्त्यांसाठी अडीच लाख डॉलरचे बक्षीस लावले.

या वर्मची रचना नीट पाहण्यासारखी आहे, कारण आजच्या लेखाचा विषय तिथे पूर्ण रूपात आढळतो. आत शिरल्यावर तो विंडोजच्या काही सेवा बंद करी : अपडेट आणणारी सेवा, ते मागच्या मागे उतरवून घेणारी ‘बिट्स’ नावाची सेवा, सुरक्षेची स्थिती दाखवणारी सेवा, विंडोज डिफेंडर, आणि बिघाडाची खबर कंपनीला देणारी सेवासुद्धा. मागच्या तारखेला परत जाण्यासाठी साठवलेले ‘रिस्टोअर पॉइंट’ पुसून टाकी. आणि ज्या भोकातून आत आला ते भोक तो स्मृतीपुरते स्वतःच बुजवी, म्हणजे दुसरा चोर येऊ नये.

29 डिसेंबर 2008 च्या सुमारास आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत आणखी दोन गोष्टी होत्या. एक, तो पेन ड्राइव्हवरून पसरू लागला. ड्राइव्ह लावताच उघडणाऱ्या विंडोजच्या खिडकीत ‘फोल्डर उघडून फाइली पाहा’ अशा अर्थाची ओळ दोनदा दिसे. खालची खरी, वरची वर्मची. माणूस सवयीने वरचीवर टिचकी मारी. दुसरी गोष्ट, त्याच्याजवळ शब्दांची एक यादी होती. ज्या पत्त्यात त्या यादीतला शब्द असेल तो पत्ता संगणकाला सापडतच नसे. यादीत ‘मायक्रोसॉफ्ट’ होते, ‘विंडोजअपडेट’ होते, ‘व्हायरस’ आणि ‘डिफेंडर’ होते, जगातल्या नावाजलेल्या सुरक्षा कंपन्यांची नावे होती. आणि त्या नावांत चेन्नईच्या के-सेव्हनचे नाव होते, तसेच ‘क्विकहील’ हे पुण्याचे नावही होते. रहिमतपूरच्या भावांनी दुरुस्तीच्या टेबलावर तयार केलेल्या वस्तूची दखल परदेशातल्या कुणा अज्ञात शत्रूने घेतली ती अशी. कोणत्याही पुरस्कारापेक्षा ही नोंद मला अधिक बोलकी वाटते.

यामुळे रोगाचे लक्षण विचित्र झाले. वर्तमानपत्रे उघडत, क्रिकेटचे गुण दिसत, पत्र जात-येत. फक्त औषधाची दुकाने तेवढी सापडत नसत. कॉनफिकरविरुद्ध एकत्र आलेल्या तज्ज्ञांच्या गटाने याच लक्षणाचा उलटा उपयोग करून एक साधा तक्ता तयार केला होता, डोळे तपासणाऱ्याच्या भिंतीवरच्या तक्त्यासारखा. वरच्या ओळीत सुरक्षा कंपन्यांची बोधचिन्हे, खालच्या ओळीत लिनक्ससारख्या मुक्त प्रणालींची. खालची दिसली आणि वरची दिसली नाहीत, तर समजायचे की घरात पाहुणा आहे. उपायही असाच उलटा होता. पत्ते शोधणारी विंडोजची एक सेवा थांबवली की वर्मची यादी निकामी होई आणि अडवलेले पत्ते पुन्हा सापडू लागत. एका ओळीची आज्ञा. ती माहीत असलेला माणूस 2009 च्या जानेवारीत माझ्या ओळखीत नव्हता.

सोलापुरात तो पसरायला जमीन फार सुपीक होती. 2001 मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे गल्लोगल्ली प्रशिक्षण केंद्रे झाली होती आणि सरकारी नोकरीसाठी त्या प्रमाणपत्राला महत्त्व आले होते. 2004 मध्ये सोलापूर विद्यापीठ निघाले, अर्ज आणि निकाल संगणकावर आले. लग्नपत्रिका, पासपोर्ट फोटो, प्रकल्पाच्या वह्या, चादरींच्या बॉर्डरची डिझाइने, सगळे पेन ड्राइव्हवरून फिरत होते. डीटीपीच्या दुकानात दिवसाला पन्नास जण येऊन तोच एक संगणक वापरत. पंढरीच्या वारीला जाणाऱ्यांना एके काळी कॉलऱ्याची लस टोचून घ्यावी लागे, कारण लाखो माणसे एकाच पाण्यावर येत. डीटीपीच्या दुकानाच्या दाराशी तसे कुणी बसलेले नव्हते. आणि गंमत अशी की औषधही त्याच वाटेने येई. अँटिव्हायरसची ताजी माहिती विक्रेत्याकडून पेन ड्राइव्हवर आणून घरच्या संगणकात घालायची, ही आपल्याकडची सर्रास पद्धत होती. 2011 च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने पेन ड्राइव्ह लावताच काही आपोआप चालू होण्याची सोय बंद करणारी दुरुस्ती सर्वांना पाठवली. पाठवली अर्थात अपडेटमधून. ज्यांना तिची गरज होती त्यांचे अपडेट बंद होते.

“सी मधलं काही पाहिजे का?”

आमच्या घरचा संगणक सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आठवड्यात, जानेवारी 2009 मध्ये आजारी पडला. वर सांगितलेली सगळी लक्षणे होती. ती लक्षणे आहेत हे मला तेव्हा कळत नव्हते. आधी दोष इंटरनेटच्या लाइनला दिला, मग मोडेमला. चौथ्या दिवशी दुकानातला मुलगा आला. हुशार होता, नम्र होता, वीस-बावीसचा असेल. त्याने अँटिव्हायरस घालून पाहिला, तो ताजा होईना. अपडेट चालू करून पाहिले, होईना. मग तो म्हणाला, “सर, याला फॉरमॅटच मारावं लागंल. सी मधलं काही पाहिजे का? डी तसाच राहतोय.”

मी विचार न करता म्हणालो, नको.

वडील गिरणीत होते. निवृत्तीनंतर त्यांनी साचेखात्यातल्या आठवणी लिहायला घेतल्या होत्या. पहाटेचा भोंगा, धोटे, ताणा-बाणा, मुकादमाचे हिशेब, संपातली स्वयंपाकघरे, तेलुगू आणि कानडी मिसळलेली खात्यातली मराठी. पासष्टाव्या वर्षी एका बोटाने टाइप करायला शिकून त्यांनी साधारण एकशे तीस पाने केली होती. फाइल ‘डेस्कटॉप’वर होती, डोळ्यांसमोर असावी म्हणून. डेस्कटॉपवर जे दिसते ते प्रत्यक्षात सी ड्राइव्हमध्ये असते, ‘माय डॉक्युमेंट्स’ही तिथेच असते, हे मला ठाऊक नव्हते आणि त्या मुलाला ते मला सांगायचे सुचले नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. दिवसाला सहा-सात यंत्रे करणारा तो मुलगा होता आणि त्याच्या विद्येत एकच औषध होते. ते रामबाण होते यातही शंका नाही. तासाभरात संगणक लखलखीत झाला. अर्थात अपडेट बंद ठेवूनच, कारण घोस्टची प्रत तीच होती. अमेरिकेतल्या सॅन्स या संस्थेने 2004 मध्ये मोजले होते की दुरुस्त्या न लावलेले विंडोज इंटरनेटला उघडे जोडले तर सरासरी वीस मिनिटांत त्यावर हल्ला येतो. आमच्याकडे दीड महिना लागला.

फॉरमॅटला आपल्याकडे ‘मारणे’ हे क्रियापद का लागले असावे, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. घोस्ट मारतात, फॉरमॅट मारतात. गिरणीत नळी भरतात, ताणा लावतात, तुटलेला धागा सांधतात. तुटलेला धागा शोधायला माग थांबवावा लागतो आणि थांबलेल्या मागाचे नुकसान कुणीतरी सोसावे लागते. संगणकाच्या दुकानाला ते सोसणारे नव्हते. धागा शोधण्याचे पैसे द्यायला आम्ही गिऱ्हाइकेही तयार नव्हतो. मी त्या दिवशी तीनशे रुपये दिले आणि तेही घासाघीस करून.

धागा सांधणे

तो धागा कसा शोधतात हे मला तीन वर्षांनी कळले, बहिणीच्या घरी. 2012 साल, विंडोज 7. या खेपेचा रोग ‘झिरोअ‍ॅक्सेस’ कुळातला होता. कॉनफिकर सेवा बंद करी. हा त्या सेवांची नोंदच विंडोजच्या नोंदवहीतून उपटून टाकी. त्यामुळे व्हायरस साफ झाला तरी अपडेट येत नसे. ताप गेलेला, पण हात लुळा पडलेला. बहीण आधीच म्हणाली होती, “दादा, फॉरमॅट नको हं. पोरांचे सगळे फोटो यातच आहेत.”

अपडेट चालू केले की शेवटी 424 असलेला एक त्रुटीक्रमांक येई. हे आकडे सोळाच्या पटीतले असतात. आपल्या दशमान पद्धतीत तो 1060 होतो, आणि त्याचा अर्थ अशी सेवा या यंत्रावर अस्तित्वातच नाही. सेवांची यादी उघडून पाहिली तर खरेच ‘विंडोज अपडेट’ ही ओळ नव्हती, ‘बिट्स’ नव्हते, फायरवॉल नव्हते. उपाय असा निघाला की नेमक्या त्याच आवृत्तीच्या निरोगी संगणकावरून त्या नोंदी उतरवून आणायच्या. भाच्याच्या मित्राकडे तसा संगणक होता. चार छोट्या फाइली झाल्या, सगळ्या मिळून एखाद्या फोटोच्या दहाव्या हिश्शाएवढ्याही नव्हत्या. त्या घातल्या, यंत्र पुन्हा सुरू केले, सेवा यादीत परतल्या. लगेच दुसरा क्रमांक आला. त्याचा अर्थ, दुकानाचा पत्ता सापडत नाही. पत्त्यांच्या ‘होस्ट्स’ फाइलीत कुणीतरी भलत्याच ओळी लिहून ठेवल्या होत्या आणि ब्राउझरमध्ये न मागितलेला प्रॉक्सी बसवलेला होता. दोन्ही काढले. तिसऱ्यांदा अडले ते अर्धवट उतरलेल्या जुन्या फाइलींमुळे. ज्या फोल्डरात विंडोज त्या साठवते त्याचे नाव बदलले की ते नवे फोल्डर करून घेते. मग विंडोजच्या मूळ फाइली शाबूत आहेत का हे तपासणारी आज्ञा दिली. रात्री दोनला अपडेट सुरू झाले. शंभरावर दुरुस्त्या होत्या, दोन रात्री गेल्या. फोटो एकही गेला नाही.

यात विद्वत्तेचे काही नव्हते. क्रम पाळायचा होता : आधी रोग काढायचा, मग सेवा, मग पत्ता, मग अर्धवट राहिलेला माल. क्रम उलटा केला तर सगळे वाया, कारण रोग आत असेपर्यंत तो सांधलेले पुन्हा तोडतो. 2009 मध्ये हाच क्रम शक्य होता, फक्त साधने दुसरी.

याच वर्षी जगाने आणखी एक प्रकार पाहिला. संगणकाची पत्ते विचारण्याची जागाच बदलून टाकणाऱ्या ‘डीएनएस चेंजर’ची यंत्रणा अमेरिकेच्या एफबीआयने 2011 च्या नोव्हेंबरात पकडली, पण ती एकदम बंद केली तर लाखो बाधित घरांचे इंटरनेटच बंद पडले असते. म्हणून तिच्या जागी तात्पुरती स्वच्छ यंत्रणा चालवून ती 9 जुलै 2012 ला थांबवली. भारतात अशा गोष्टींसाठी 2004 पासून सर्ट-इन ही सरकारी संस्था आहे, आणि तिच्या अंतर्गत घरगुती संगणकांसाठी मोफत सफाई-साधने देणारे ‘सायबर स्वच्छता केंद्र’ 21 फेब्रुवारी 2017 ला सुरू झाले. तीन महिन्यांनी, 12 मे रोजी ‘वॉनाक्राय’ आला. त्याचे ठिगळ 14 मार्चलाच निघालेले होते. 2014 च्या एप्रिलात मुदत संपलेल्या एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टला तेव्हा अपवाद करून दुरुस्ती द्यावी लागली.

औषधातच विष

इथपर्यंतची गोष्ट सरळ होती : अपडेट चांगले, ते अडवणारा वाईट. 2012 मध्ये उघडकीस आलेल्या ‘फ्लेम’ने ती सरळ राहू दिली नाही. तो मायक्रोसॉफ्टची खोटी सही करून विंडोज अपडेटच्या वेषातच आत येई. आणि 27 जून 2017 रोजी ‘नॉटपेट्या’ने युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून प्रवेश केला. ज्यांनी शहाण्यासारखे अपडेट चालू ठेवले होते तेच आधी सापडले. त्याचा फटका थेट आपल्या किनाऱ्याला बसला. न्हावाशेव्याला जवाहरलाल नेहरू बंदरातले मर्स्क समूहाचे टर्मिनल त्यामुळे ठप्प झाले आणि कंटेनर अडकून पडले. दुकानातल्या मुलाने 2008 साली अपडेट बंद ठेवायला सांगितले ते चुकीच्या कारणासाठी. पण अपडेट म्हणजे दुसऱ्याच्या हातून डोळे मिटून औषध घेणे आहे, ही शंका निराधार नव्हती, एवढे त्याच्या बाजूने म्हणावे लागेल. तरीही आकड्यांचा तोल बघता घरच्या माणसाने अपडेट चालूच ठेवावे असे माझे मत आहे. विषारी अपडेटची उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी सापडतात. अपडेट नसल्याने गेलेली यंत्रे मोजायला कुणी बसलेले नाही.

हा अंक वाचकांच्या हाती असेल तेव्हा विंडोज 10 ची नेहमीची मुदत 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपलेली असेल. धडधाकट चालणारे कितीतरी संगणक विंडोज 11 घेऊ शकत नाहीत, कारण त्यांच्यात त्याला हवी ती सुरक्षेची चिप नाही. या खेपेला अपडेट बंद पडणार आहे ते व्हायरसमुळे नाही आणि चोरीच्या प्रतीमुळेही नाही. वाढीव वर्षाची सोय आहे. पण ती कुठे आहे आणि कशी घ्यायची, हे लक्ष्मीपूजनाला त्या संगणकावर फूल ठेवणाऱ्या किती दुकानदारांना ठाऊक आहे, हे नव्या पेठेत एक चक्कर मारून मी विचारले. आठांपैकी एकाला ठाऊक होते.

वडिलांनी आठवणी पुन्हा लिहिल्या नाहीत. “एकदा विणलेलं उसवलं की सूत राहत नाही बघ,” एवढेच ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रातली कोडी सोडवू लागले. 2011 साली ते गेले. त्यानंतर त्यांच्या कपाटात एक पेन ड्राइव्ह सापडला. छापून घ्यायला डीटीपीच्या दुकानात नेलेला असावा. त्यात कॉनफिकरच्या काळातली ती वरची खोटी ओळ दाखवणारी फाइल अजून तशीच होती आणि तिच्याशेजारी आठवणींची जुनी, अपुरी प्रत. एक्केचाळीस पाने. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये असल्याने आज ती उघडली तर पडद्यावर निरर्थक इंग्रजी चिन्हे दिसतात. रूपांतर करणारे साधन बरेचसे नीट वाचते, पण जोडाक्षरांत आणि रफारात चुकते. ‘कर्ता’चे काही भलतेच होते, ‘धोट्या’चे तर रोज नवे. मी छापील शब्दकोश जवळ घेऊन दर रविवारी दोन-तीन पाने हाताने दुरुस्त करतो आहे. चाळिसाव्या पानावर 1982 सालचा एक पावसाळी पहाटेचा पाळीबदल आहे. एक्केचाळिसावे पान ‘त्या दिवशी साचेखात्यात’ इथे संपते.